उजाळा

दिवाळी तोंडावर आली की घरातल्या प्रत्येक वस्तूला आंघोळीची पाळी येते. माळ्यावरची पितळी भांडी चिंचेने लख्ख होतात, समया उजळतात, देवघरातले देव ताम्हनात उतरतात, आणि सगळ्यांच्या शेवटी, दुपारची निजानीज झाल्यावर, कपाटाच्या आतल्या कप्प्यातून दागिन्यांचा डबा निघतो. तो शेवटी का निघतो, याचे मला लहानपणी मोठे कोडे वाटे. चोराचिलटांचे भय हे एक कारण झाले. दुसरे कारण आता या वयात कळते आहे. भांडी घासताना मन दुसरीकडे असले तरी चालते. दागिने पुसताना ते जागेवर असावे लागते.

अक्कलकोटच्या आमच्या जुन्या घरात हे काम थोरल्या काकूंकडे असे. काकूंचे माहेर आळंदचे, म्हणजे पलीकडच्या कानडी मुलखातले. तसे आमचे गावही सरहद्दीवरचेच. बाजारात अर्धा व्यवहार मराठीत चालतो, अर्धा कानडीत, आणि एक भाषा कुठे संपली नि दुसरी कुठे सुरू झाली हे बोलणाऱ्यालाही पुष्कळदा उमगत नाही. काकू सोप्यावर पांढरे धोतर चौघडी करून अंथरत आणि त्यावर एकेक दागिना मांडत. आम्ही मुली भोवती कोंडाळे करून बसत असू. कुणाचा हात घाईने डब्याकडे गेला की त्या म्हणत, “निधान, निधान!” कानडीत निधान म्हणजे सावकाश, जपून. मराठीत निधान म्हणजे ठेवा. मला वाटे, काकू डब्यातल्या ठेव्याचेच नाव घेताहेत. खरा अर्थ कळला तेव्हा मी जराशी हिरमुसलेच होते. गेल्या दिवाळीत जे घडले त्यानंतर मात्र वाटू लागले, की माझा तो चुकीचा अर्थ अगदीच चुकीचा नव्हता.

काकू आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. दूरचे बरे दिसते, जवळचे दिसत नाही. म्हणून गेल्या वर्षी त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, “यंदा तूच कर बाई. आणि हे शेवटचंच समज. पाडव्यानंतर दोघी पोरींना वाटून टाकते.” डब्यात फार काही नव्हते. मोत्यांची नथ, हिऱ्याच्या कुड्या, एक पाचूची अंगठी, पाटल्यांची जोडी आणि तन्मणी. मोत्यांच्या सरांमध्ये, ज्याला खोड म्हणतात त्या पदकात, चिंचोक्याएवढे लालभडक माणिक. हा तन्मणी माझ्या आजीचा. तिने तो थोरल्या सुनेला दिला. घरातल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत तो कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात आहे.

मला वाटले, एवढे काम हातावेगळे करायला कितीसा वेळ लागणार? माझी स्वतःची अंगठी मी कोमट पाण्यात साबण घालून धुते, तसेच एका वाडग्यात पाणी केले, त्यात तन्मणी सोडला आणि चकल्या तळायला गेले. चकल्यांचा घाणा उतरेपर्यंत तो पाण्यात होता. बाहेर काढून पुसला तेव्हा काही वाटले नाही. संध्याकाळी दिवा लावून पाहिले, तर माणकाचा रंगच गेला होता. जिथे निखारा होता तिथे भिजलेल्या कोकमाचा काळपट तुकडा बसवल्यासारखे दिसत होते.

आपल्या भाषेत रत्नाच्या तेजाला पाणी म्हणतात. पाणीदार मोती, हिऱ्याचे पाणी. त्या रात्री मला समजले की पाण्याने पाणी जाते.

काकूंना मी खरे सांगितले नाही. “दोरा जीर्ण झालाय, सोलापूरहून गाठवून आणते,” एवढेच म्हणाले. त्यात खोटे काही नव्हते, कारण साबणाच्या पाण्याने रेशमी दोराही फुगला होता. पण पुरते खरेही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सोलापूर गाठले आणि जुन्या जडावाचे काम करणाऱ्या एका वयस्क कारागिराचा पत्ता काढून त्याच्यासमोर जाऊन बसले.

त्याने खडा पाहिला आणि माझ्याकडे न पाहताच विचारले, “पाण्यात बुडवलात?” मी मान हलवली. मग त्याने मला समजावून सांगितले ते असे. हल्लीच्या अंगठीत खडा आकड्यांनी धरलेला असतो, मागून मोकळा असतो, प्रकाश आरपार जातो. जुन्या जडावात तसे नाही. तिथे सोन्याचे कोंदण मागून बंद असते, आणि खड्याच्या पोटाखाली चकाकणारा एक पातळ पत्रा ठेवलेला असतो. त्याला डांक म्हणतात. वरून आलेला प्रकाश खड्यातून आत जातो, डांकेवर आपटतो आणि उजळून परत येतो. आपण ज्याला माणकाचे तेज म्हणतो त्यातला मोठा वाटा त्या न दिसणाऱ्या पत्र्याचा असतो. कोंदणाच्या कडेने पाणी आत शिरले की डांक काळवंडते, आणि मग वरून कितीही पुसा, उपयोग नाही. असा दागिना धुवायचा नसतोच. किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसून लगेच कोरड्याने टिपायचा असतो.

मग तो एकेका रत्नाविषयी बोलू लागला. मी सोबत नेलेली नथ, कुड्या आणि अंगठी त्याने पांढऱ्या कागदावर ओळीने मांडली. एखादा शिक्षक मुलांची ओळख करून देतो, तशी ती ओळख होती. हिरा सर्वांत कठीण. रत्नांच्या कठीणपणाची जी मोजपट्टी आहे तिच्यात त्याला १० म्हणजे पैकीच्या पैकी गुण. पण तेलकटपणा जितका चटकन हिऱ्याला चिकटतो तितका क्वचितच दुसऱ्या रत्नाला. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या खाणींत चरबी फासलेल्या तक्त्यांवरून खडीमाती पाण्याबरोबर वाहू देत. माती निघून जाई आणि हिरे चरबीला चिकटून राहत. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईच्या कानातल्या हिऱ्याचे तेज म्हणूनच लवकर मंदावते. त्याला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश मानवतो. आमच्या अक्कलकोटच्या राजवाड्यातले शस्त्रागार मी लहानपणी पाहिले होते. तलवारीला तेलाचा हात लागला नाही तर ती गंजते, आणि हिऱ्याला तो लागला तर हिरा आंधळा होतो. ज्याची त्याची प्रकृती.

पाचूचे आणखी निराळे. त्याच्या पोटात बारीक बारीक भेगा असतात. त्या दिसू नयेत म्हणून पाचू तेलात मुरवण्याची रीत फार जुनी आहे. गरम पाणी आणि तीव्र साबण ते तेल ओढून काढतात आणि झाकलेल्या भेगा उघड्या पडतात. दुकानातल्या ध्वनिलहरींच्या यंत्रातही पाचू घालू नये. मोती तर खडाच नव्हे. तो जिवंत प्राण्याच्या पोटात थर चढून झालेला. चुन्याच्याच जातीचा तो पदार्थ. त्यामुळे लिंबू, चिंच, व्हिनेगर यांसारख्या आंबटाने तो विरघळू लागतो, घामानेही झिजतो. म्हणून अत्तर-पावडर सगळे झाल्यावर नथ घालावी आणि काढल्याबरोबर मऊ फडक्याने पुसून ठेवावी. पोवळ्याचेही तेच. पिरोज्याला तेल लागले तर तो ते पितो आणि हिरवट पडतो. हवेतली धूळ निरुपद्रवी दिसते, पण तिच्यात गारेचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा ७. मोत्याचा जेमतेम अडीच ते साडेचार. कोरडी धूळ रगडून पुसणे म्हणजे मोत्यावर कानस चालवणे होय. आधी हलकेच फुंकावी, मग पुसावे. दात घासायच्या पेस्टने सोने आणि खडे घासायची जी टूम आहे, तिचाही परिणाम तोच. आणि सगळे दागिने एका डब्यात गोळा करून कधी ठेवू नयेत. हिरा शेजाऱ्याला ओरखडल्यावाचून राहत नाही. प्रत्येकाला वेगळी कापडी पिशवी हवी.

मी ऐकत होते आणि मनातल्या मनात ओशाळत होते. स्वच्छता हा सद्गुण आहे, असे आपण लहानपणापासून घोकत आलो. पण स्वच्छता नावाची एकच एक गोष्ट नाही. एकाला जे स्नान, ते दुसऱ्याला बुडवणे. आपल्या जिल्ह्यातल्याच पंढरपूरचे उदाहरण घ्या. शतकानुशतके विठ्ठलाच्या मूर्तीवर दह्यादुधाचे अभिषेक झाले, लाखो कपाळे पायांवर टेकली. त्यात भक्तीवाचून दुसरे काही नव्हते. तरीही दगड झिजला. शेवटी महापूजांना आळा घालावा लागला, आणि झीज थांबावी म्हणून पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी मूर्तीवर रासायनिक लेप दिला. अलीकडे २०२० सालीही तो देण्यात आला. प्रेमाने जवळ गेलेला हातसुद्धा झिजवतो. मग ज्या हातात प्रेमही नव्हते, नुसती काम उरकण्याची घाई होती, त्याने किती झिजवले असेल?

इतक्यात कारागिराने कोंदणाची कड उचलून खडा अलगद बाहेर काढला होता. तो भिंगातून पाहत राहिला. बराच वेळ. मग भिंग माझ्या हातात देत म्हणाला, “बाई, बघा. बारीक वळणदार रेघा दिसतात? ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा?”

मला त्या दिसल्या.

“माणिकच आहे हे,” तो म्हणाला, “पण भट्टीतलं. जमिनीतल्या माणकात रेशमासारखे तंतू असतात, ठिपके असतात, काहीतरी खोट असतेच. याच्यात काही नाही. फार स्वच्छ आहे.”

फार स्वच्छ आहे! वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत रत्नपरीक्षेचे अध्याय लिहिले, तेव्हापासून आपण रत्नांचे दोष मोजत आलो. आणि आज असा दिवस आला आहे, की दोष हीच खरेपणाची साक्ष आणि निर्दोषपणा हाच संशयाचा मुद्दा!

ही भट्टीतली माणके काही कालपरवाची नव्हेत. व्हेर्नॉय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली आपली युक्ती जाहीर केली. ॲल्युमिनियमच्या भस्माची बारीक पूड, रंगापुरते क्रोमियम, आणि दोन हजार अंशांवर तापलेली ज्योत. पूड ज्योतीतून पडताना वितळते आणि खाली थेंबाथेंबाने साचून तिचे माणिक होते. काच नव्हे, माणिकच. द्रव्य तेच, रंग तोच, कठीणपणाही तोच, ९. फरक एवढाच, की एक पृथ्वीच्या पोटात युगानुयुगे घडले आणि दुसरे काही तासांत. किमतीतला फरक मात्र राजा आणि रंक यांच्यातला.

मग हे माणिक खोटे म्हणायचे का? परतीच्या एसटीत मी हाच विचार करत होते. इंग्लंडच्या राजमुकुटात समोर जो प्रचंड लाल खडा आहे, त्याला शतकानुशतके माणिक म्हणत. पुढे रत्नशास्त्र सुधारले आणि कळले की तो माणिक नसून स्पिनेल नावाचे वेगळेच रत्न आहे. पण म्हणून कुणी तो मुकुटातून काढला नाही. नावातसुद्धा माणिक अजून तसेच आहे. आमच्या घरातली सहा लग्ने या खड्याने पाहिली. त्या प्रत्येक फोटोतला आनंद काही भट्टीतला नव्हता. मग काकूंना हे सांगायची गरज काय? नवी डांक बसली आहे, खडा पुन्हा पेटला आहे, दोरा नवा झाला आहे. पिशवी उघडायची, तन्मणी हातात द्यायचा, काकू म्हणतील, “छान झालं हो!” आणि दिवाळी गोड होईल.

आणि सांगायचे तर काय काय सांगावे लागेल! आजीने तो घेतला तेव्हाच सराफाने तिला फसवले असेल काय? की त्या सराफालाही ठाऊक नसेल? त्या काळात ही माणके सगळीकडे पसरली होती आणि भल्याभल्यांना ओळखू येत नव्हती. की १९७२ च्या दुष्काळात, जेव्हा सोलापूर जिल्ह्यात पुष्कळ घरांतले किडूकमिडूक बाजाराला लागले, तेव्हा थोरल्या काकांनी कुणाला न सांगता मूळचा खडा काढून विकला आणि त्याच्या जागी हा बसवला? त्या वर्षी दहा माणसांच्या घरात दोन वेळा चूल पेटत होती, एवढे मला आठवते. ती कशावर पेटत होती ते आम्हा मुलांना कुणी सांगितले नव्हते. काका जाऊन पंधरा वर्षे झाली. आता त्यांना विचारणार कोण?

अप्रिय सत्य बोलू नये, असे आपल्याकडच्या जुन्या नीतिकारांनी सांगून ठेवले आहे. मोठा सोयीचा नियम आहे हा. मी त्याचा आधार घेऊन जवळजवळ निर्धास्त झाले होते. काकूंचे वय, त्यांचे मन, काकांची स्मृती, सणाचे दिवस. न सांगण्याची एकाहून एक चांगली कारणे मी बोटांवर मोजली. आणि मोजता मोजता एकदम ध्यानात आले, की यातले पहिले आणि खरे कारण मी मोजलेच नव्हते. खड्याची हकीकत सांगायची, तर खडा उघडला का हे सांगावे लागणार होते. आणि ते सांगायचे, तर माझ्या हातून तो पाण्यात बुडाला हे आधी कबूल करावे लागणार होते. काकूंच्या मनाला जपण्याच्या कोंदणाखाली मी माझ्या लाजेची डांक ठेवली होती. म्हणून तर ते कारण इतके चमकत होते!

दुसऱ्याच्या भल्यासाठी आपण जे मौन पाळतो, त्यातले कितीसे खरोखर दुसऱ्यासाठी असते? प्रत्येकाने आपापला डबा उघडून पाहावे. माझ्या डब्यात तरी फारसे निघाले नाही.

आणखी एक गोष्ट होती. काकू वाटणी करणार होत्या. थोरलीला पाटल्या आणि नथ, धाकटीला तन्मणी, अंगठी आणि कुड्या, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. त्यांच्या हिशेबी माणकामुळे दोन्ही पारडी सारखी होत होती. मी गप्प बसले असते तर तराजूत माझा अंगठा राहिला असता. ठेवा ज्याच्या हाती जाणार, त्याला तो काय आहे हे कळण्याचा हक्क आहे. उद्या धाकटीच्या मुलीवर अडचणीची वेळ आली आणि ती हा तन्मणी घेऊन सराफाकडे गेली, तर तिथल्या काउंटरवर तिला हे कळावे, आणि त्या क्षणी तिने आपल्या आजीला किंवा पणजीला खोटे ठरवावे, ही कुठली दया? आपण टाळलेले अप्रिय सत्य नाहीसे होत नाही. ते पुढच्या पिढीच्या नावावर चढते, आणि त्यावर व्याज असते.

तेव्हा सांगायचे हे ठरले. पण कसे आणि किती, हा प्रश्न उरलाच.

सोनार दागिन्याला उजाळा देतो, तेव्हा दोन गोष्टी होतात. वरचा मळ जातो, आणि मळाबरोबर थोडे सोनेही जाते. किती जाते, हे पाहायचे असेल तर झारेकऱ्यांना आठवा. सोनारांच्या दुकानातली झाडलोट विकत घेऊन, ती धुऊन-गाळून त्यातून सोन्याचे कण काढण्यावर त्यांचे पोट चाले. एक अख्खा धंदा उभा राहावा, एवढे सोने घासण्या-कापण्यात झडत असते. हाच उजाळा हव्यासाने दिला की काय होते, ते आपल्या नाशिकच्या हिऱ्याने पाहिले. त्र्यंबकेश्वराशी ज्याचे नाव जोडले जाते तो हा हिरा १८१८ मध्ये बाजीराव पेशव्यांच्या खजिन्यातून इंग्रजांच्या हाती पडला. तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. लंडनच्या जवाहिऱ्यांना त्याचे जुने पैलू पसंत पडले नाहीत. त्यांनी ते घासून सुमारे दहा कॅरट उडवले. पुढे १९४० साली अमेरिकेत हॅरी विन्स्टन यांनी त्याला पुन्हा पैलू पाडले, तेव्हा ४३.३८ कॅरट उरले. हिरा अधिक चमकू लागला यात शंका नाही. पण निम्म्याहून अधिक हिरा चमकीच्या पायी गेला, आणि जुन्या कारागिराने त्याला दिलेला घाट तर पुरताच गेला. कोहिनूरचीही तीच गत. १८५२ मध्ये पैलू पाडताना तो १८६ कॅरटांवरून १०५ वर आला.

सत्य सांगण्यातही हे दोन प्रकार आहेत. एक, वर साचलेले दूर करून वस्तू आहे तशी दाखवणे. दुसरा, चमक दिसेपर्यंत घासत राहणे. खडा भट्टीतला आहे, हे मला ठाऊक होते. भिंगातून मी ते डोळ्यांनी पाहिले होते. तो कुणी बसवला, केव्हा, का, यातले मला काहीही ठाऊक नव्हते. १९७२ चा दुष्काळ, काकांचे मौन, आजीचा सराफ, हे सगळे माझे तर्क. ते सांगितले असते तर हकीकत पुष्कळ चमकदार झाली असती, यात संशय नाही. पण त्या घासण्यात काकांचे सोने झडले असते, आणि ते गोळा करून आणणारा झारेकरी जगात नाही. म्हणून मनाशी ठरवले, की जेवढे पाहिले तेवढेच सांगायचे. आणि सुरुवात आपल्या चुकीपासून करायची.

धनत्रयोदशीच्या दुपारी, घर निजल्यावर, मी काकूंजवळ जाऊन बसले. म्हणाले, “काकू, तन्मणी मी पाण्यात बुडवला होता. त्याचा रंग गेला, म्हणून सोलापूरला नेला. दोऱ्याचं सांगितलं ते अर्धंच होतं.” मग खड्याविषयी कारागिराने जे दाखवले ते सांगितले. पुढे एक शब्द जोडला नाही.

काकू काही बोलल्या नाहीत. तन्मणी हातात घेऊन त्यांनी पदकावरून अंगठा फिरवला. ज्याला जवळचे दिसत नाही तो बोटांनी पाहतो. बाहेर रस्त्यावर, वटवृक्षाच्या देवळाकडे जाणाऱ्या यात्रेकरूंची वर्दळ चालू होती. तिचा आवाज ऐकत मी बसून राहिले.

“पाण्यात घालायचा नसतो तो,” काही वेळाने त्या म्हणाल्या. “सासूबाईंनी मला पहिल्याच दिवाळीला सांगितलं होतं. ओल्या फडक्यानं पुसायचा, लगेच कोरड्यानं टिपायचा. मी कधी पाण्यात घातला नाही. तुला सांगायचं राहून गेलं बघ.”

खड्याविषयी त्या काही बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. आजीने त्यांना पाण्याचे का बजावले होते? नुसत्या डांकेसाठी? की तिला आणखी काही ठाऊक होते? काकूंना काही ठाऊक होते? प्रश्न अगदी ओठांवर आला होता. पण तो विचारणे म्हणजे पुन्हा घासायला बसणे होते, आणि मी तो गिळला.

“वाटणीच्या आधी पोरींना सांग,” त्या म्हणाल्या. “दोघींना एकदम सांग, माझ्यासमोर. एकीला आधी, एकीला मागून असं नको.” आणि जरा थांबून म्हणाल्या, “आता तू घाल बघू तो गळ्यात. तिकडं दाराशी जाऊन उभी राहा. मला लांबचं दिसतं.”

मी तन्मणी घातला आणि दाराशी जाऊन उभी राहिले. उन्हे कलली होती. अंगणातला उजेड माझ्या पाठीमागून येत होता.

“उजेडाकडं तोंड कर,” काकू म्हणाल्या. मी वळले. “हं. आता दिसतं. लालच दिसतं की!”

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, दोघी बहिणींना सगळे सांगितले आणि मग वाटणी झाली. तन्मणी कुणाकडे गेला, हे इथे सांगण्याचे कारण नाही. ज्या हातात तो गेला त्या हाताला त्याची पुरती ओळख करून दिली गेली, आणि कसा पुसायचा तेही सांगितले गेले, एवढे पुरे आहे.

यंदा पुन्हा दिवाळी आली आहे. तुमच्याही घरी एखाद्या दुपारी तो डबा निघेल. वाडग्यात पाणी घेण्याआधी एकेक दागिना पांढऱ्या फडक्यावर ठेवून नीट पाहा. खडा मागून मोकळा आहे की बंद, आकडे घट्ट आहेत की सैल, दोरा कुठे विरला आहे, मोती कुठे पिवळा पडला आहे. मोरीपाशी बसून काहीच धुऊ नका. निसटलेला खडा मोरीतून परत येत नाही. ज्याची प्रकृती कळली नाही त्याला नुसते कोरड्या मऊ फडक्याने टिपा आणि जाणत्याला विचारा. आणि डबा उघडलाच आहे तर घरातल्या मोठ्या माणसांना जवळ बसवून घ्या. कुठला दागिना कुणाचा, कुठून आला, त्याला काय चालते आणि काय चालत नाही, हे त्यांना विचारून ठेवा. त्या सांगण्यातच पुष्कळदा सगळी निगा असते, आणि ते सांगायचे राहून जाते.

एवढे सगळे करायला वेळ लागेल. लागू द्या. काकूंच्या त्या कानडी शब्दाचा अर्थ मी आता दोन्ही भाषांत एकदमच घेते. सावकाश पाहिले तरच तो ठेवा. घाईने हात घातला तर नुसताच डबा.